डोपामिन आणि क्षणाची धारणा



सत्तावीस आणि अडतीस यांची बेरीज मनांतल्या मनांत करतांना हातचा एक आपण कोठें ठेवतों? कांहीं क्षण तो नुसता ध्यानांत धरलेला असतो आणि काम झालें कीं विसरला जातो. ही जी क्षणाची धारणा, तिच्यावांचून हिशेब होत नाहीं, लांब वाक्याचा अर्थ लागत नाहीं आणि पुढचा बेतही आंखतां येत नाहीं. तिचें एक मुख्य ठाणें कपाळाच्या हाडामागें, मेंदूच्या अग्रभागांत आहे. प्रीफ्रंटल कॉर्टेक्स हें त्याचें शास्त्रीय नांव.

या अग्रभागांत मध्यमेंदूंतील पेशींचे लांब तंतु डोपामिन नांवाचें रसायन पोंचवितात. तें पेशींच्या पृष्ठभागावरील ग्राहकांना जाऊन चिकटतें. ग्राहक म्हटल्यावर कोणास दुकान आठवेल. येथील ग्राहक म्हणजे ठराविक रसायनालाच दाद देणारें एक प्रथिन. डोपामिनच्या ग्राहकांचे पांच प्रकार ठाऊक आहेत. अग्रभागांत त्यांपैकीं डी-१ हा प्रकार डी-२ पेक्षां पुष्कळच अधिक आढळतो.

१९७९ सालीं अमेरिकेंत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. माकडांसाठीं खाऊ पाळीपाळीनें डाव्या व उजव्या बाजूस ठेवीत आणि मध्यें थोडा वेळ जाऊं देत. मागच्या खेपेची बाजू ध्यानांत ठेवणें हेंच काम. अग्रभागांतील डोपामिन बहुतेक नाहींसें केल्यावर माकडें इतकीं चुकूं लागलीं कीं जणूं तो भागच कापून काढला असावा! उणीव भरून काढणारें औषध देतांच तीं पुन्हां सुधारलीं. पुढें १९९१ सालीं सावागुची आणि पॅट्रिशिया गोल्डमन-राकिच यांनीं केवळ डी-१ ग्राहक अडवून पाहिले. खूण डोळ्यांसमोर असतां माकडाची नजर बरोबर वळे. खूण विझवून आठवणीवर वळवावयाची वेळ आली कीं ती चुके. डोळे शाबूत, स्नायु शाबूत. ढळली ती धारणा.

मग डोपामिन जितकें अधिक तितकी बुद्धि तीव्र, असें समजावें काय? मिठावांचून आमटी अळणी लागते, म्हणून कोणी मूठभर मीठ घालीत नाहीं. १९९७ सालीं उंदरांच्या अग्रभागांतील डी-१ ग्राहकांना अतिरिक्त चेतना दिली, तेव्हां त्यांचीही धारणा ढासळली. याचें मर्म २००७ सालीं माकडांच्या एकेका पेशीचे संदेश टिपून उकललें, आणि मला तरी या साऱ्या कथेंत तोच भाग सर्वांत मनोहर वाटतो. प्रत्येक पेशी एका विशिष्ट दिशेची आठवण जपते. ग्राहकांना बेताची चेतना मिळाली म्हणजे इतर दिशांची कुजबूज दबते आणि हवी ती दिशा स्पष्ट उमटते. चेतना वाढत गेली कीं हवा तो संदेशही दबतो, आणि पेशी जवळजवळ मुकी होते.

ताण पडला असतां अग्रभागांतील डोपामिन वाढतें, हें उंदरांत दिसून आलें आहे. मनुष्याविषयीं इतका सरळ हिशेब मांडणें धाडसाचें होईल. तरी फळ्यापाशीं गोंधळलेल्या मुलावर "लक्ष कोठें आहे तुझें?" म्हणून ओरडणारे वडील त्याचें लक्ष वाढवितात, असें मानण्यास या प्रयोगांत कांहींच आधार सांपडत नाहीं.

परीक्षेच्या दिवसांत वैद्यकीय सल्ल्यावांचून उत्तेजक गोळ्या घेणारे विद्यार्थी आज आहेत. ज्या मुलांना अवधानाचा विकार आहे, त्यांना डॉक्टरांच्या देखरेखीखालीं अशा औषधांचा लाभ होतो, ही गोष्ट निराळी. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत निरोगी माणसांना अँफेटामिन हें उत्तेजक दिलें होतें. ज्यांच्या मेंदूंत डोपामिनचें विघटन जन्मतःच जलद होतें, त्यांच्या अग्रभागाचें काम सुधारलें. ज्यांच्यांत तें सावकाश होतें, ते कठीण धारणेच्या कामांत उलट मागें पडले. यांतील कोण कोणत्या गटांतला, हें अनुवंशिक तपासणी करूनच कळलें होतें.