उतारवयातील त्वचा आणि बाजारातील मलमे



आम्ही बोलायला उभे राहिलो की श्रोते बोनस, किमान वेतन किंवा एखाद्या संपाची हकीकत ऐकायच्या तयारीने बसतात. आजच्या विषयाचे नाव वाचून काही मंडळी गालातल्या गालात हसली असतील. युनियनच्या माणसाने तोंडाला लावायच्या मलमांवर व्याख्यान द्यावे, हे काय प्रकरण आहे? न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर असला विषय खचित नव्हता.

पण हा विषय आम्ही शोधलेला नाही, तो आमच्याकडे चालत आला. मजूरनाक्यावर सकाळी सातला उभे राहून पाहा. मुकादम येतो, माणसांच्या रांगेवरून नजर फिरवतो आणि बोट दाखवतो. तो कोणाचा जन्मदाखला मागत नाही, तोंड पाहतो. ज्या तोंडावर सुरकुत्या आणि काळे डाग आहेत ते मागे राहते, मग अंगात बळ कितीही असो. पंचेचाळीस वर्षांची बाई उन्हाने साठीची दिसते आणि तिचा त्या दिवसाचा रोज बुडतो. म्हणून ती केस काळे करते आणि पुढे कोणीतरी सांगितलेले मलम आणते. हा नट्टापट्टा नव्हे, रोजीचा प्रश्न आहे. आणि जिथे रोजीचा प्रश्न तिथे फसवणारा आधीच दुकान मांडून बसलेला असतो.

आम्ही डॉक्टर नाही. शाळेत जे शिकलो ते थोडेच. बाकीचे वाचून आणि जाणत्यांना विचारून मिळवलेले आहे. तेवढे ध्यानात ठेवून ऐकावे.

आधी त्वचा म्हातारी कशाने होते ते पाहू. वय हे एक कारण झाले. परंतु उघड्या राहणाऱ्या तोंडावर वयापेक्षा उन्हाचे काम फार मोठे असते. पटत नसेल तर स्वतःच्या दंडाची आतली बाजू आणि मनगटाची बाहेरची बाजू शेजारी धरून पाहा. दोन्हींचे वय एकच आहे! २०१२ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात एका ट्रकचालकाचे छायाचित्र आले होते. वय एकोणसत्तर, ट्रक चालवण्यात गेलेली वर्षे अठ्ठावीस. त्याच्या तोंडाची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी अधिक सुरकुतलेली आणि लोंबलेली होती, कारण तिकडे चालक डावीकडे बसतो आणि खिडकी त्याच बाजूला असते. काच उन्हातील भाजणारे किरण बरेचसे अडवते. पण अतिनील किरणांतील जो ‘ए’ भाग खोलवर शिरतो, तो काचेतून आत येतो. आपला एसटीचा चालक उजवीकडे बसतो. निलंगा आगारातले कोणी निवृत्त चालक समोर असतील, तर त्यांनी घरी जाऊन आरशात दोन्ही गाल ताडून पाहावेत.

हे किरण त्वचेच्या आत असलेले कोलॅजन नावाचे तंतू तोडतात. खाटेची सुंभ सैल झाली की खाट झोळ धरते, तसा चेहरा झोळ धरतो. गोऱ्या लोकांत सुरकुत्या लवकर पडतात. आपल्या सावळ्या कातडीला रंगद्रव्याचे काही संरक्षण आहे, म्हणून सुरकुत्या उशिरा येतात. पण वांग आणि डाग आधी येतात. परदेशातील जाहिरात पाहून सुरकुतीची बाटली आणणाऱ्या आपल्या बाईचे खरे दुखणे बहुधा डागांचे असते, ही गोष्ट विकणारा सांगत नाही.

आता औषधांकडे येऊ. बाजारात नावे शेकडो आहेत. त्यांतली ज्यांच्या मागे भक्कम पुरावा उभा आहे अशी हाताच्या बोटांवर मोजावी इतकीच.

पहिले म्हणजे सनस्क्रीन. ऑस्ट्रेलियात नॅम्बर नावाचे गाव आहे. तेही उसाचे गाव. तिथला साखर कारखाना २००३ पर्यंत चालू होता. १९९२ पासून साडेचार वर्षे तिथे एक प्रयोग झाला. काही लोकांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितले, काहींना वाटेल तेव्हा लावा म्हटले. पंचावन्नच्या आतील ९०३ माणसांच्या कातडीचे ठसे तपासले. २०१३ साली निष्कर्ष छापून आला तो असा, की रोज लावणाऱ्यांत त्वचेचे म्हातारपण २४ टक्क्यांनी कमी आढळले. ह्याच प्रयोगात काहींना बीटा कॅरोटीनच्या गोळ्याही दिल्या होत्या. त्यांचा काडीचा उपयोग दिसला नाही. गोळी गिळून तरुण होण्याची जाहिरात वाचाल तेव्हा नॅम्बरची आठवण ठेवा.

सनस्क्रीन घ्यायचे तर आकडा तीस किंवा वर, आणि ‘ए’ व ‘बी’ दोन्ही किरण अडवणारे. तोंड आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतके लागते. आपले लोक टिकलीएवढे लावतात आणि गुण आला नाही म्हणतात. उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. ज्यांना वांग आहे त्यांनी लोहाचा रंग घातलेले, मातकट दिसणारे सनस्क्रीन घ्यावे, कारण वांग डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही वाढते आणि तो प्रकाश साधे सनस्क्रीन अडवत नाही. आणि रोज मजुरी करणाऱ्या बाईला एवढे परवडणार कसे, असे कोणी विचारील तर तो प्रश्न रास्त आहे. रुंद काठाची टोपी, तोंडावरून घेतलेला दाट सुती रुमाल आणि भर दुपारची सुट्टी ही गरिबाची सनस्क्रीन आहे. पहिल्या दोन वस्तू घरात मिळतात. तिसरीसाठी युनियन लागते.

दुसरे औषध ट्रेटिनॉइन. हे अ जीवनसत्त्वाचे आम्लरूप. ते पेशीच्या आत जाऊन नवे कोलॅजन तयार करायला लावते आणि जुने तोडणाऱ्या द्रव्यांना आवर घालते. बाटल्यांवर रेटिनॉल लिहिलेले असते तो त्याचा सौम्य भाऊ. कातडीत गेल्यावर त्याचे थोडे थोडे रूपांतर होते, म्हणून तो कमी झोंबतो आणि कमी काम करतो.

ह्या औषधाचा इतिहास आम्हाला सांगितल्यावाचून राहवत नाही. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात होम्सबर्ग नावाचा तुरुंग होता. अल्बर्ट क्लिगमन नावाच्या त्वचातज्ज्ञाने १९५१ पासून १९७४ पर्यंत तिथल्या कैद्यांच्या कातडीवर नाना द्रव्यांचे प्रयोग केले. कैद्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते. हाती चार डॉलर पडावेत म्हणून ते पाठ पुढे करीत, आणि काय लावले जात आहे हे त्यांना धड सांगितले जात नसे. ट्रेटिनॉइनचे काम ह्याच क्लिगमनचे. ते १९७१ साली मुरुमांसाठी मान्य झाले. वापरणाऱ्या वयस्क स्त्रियांच्या सुरकुत्या कमी झालेल्या दिसल्या, १९८६ आणि १९८८ साली त्यावर निबंध आले, आणि १९९५ साली उन्हाने म्हाताऱ्या झालेल्या त्वचेसाठीही मान्यता मिळाली. शहराने त्या कैद्यांची माफी मागितली ती २०२२ साली. औषध खरे आहे, गुणकारी आहे, आम्ही ते टाकून द्या म्हणत नाही. पण त्याची किंमत कोणाच्या पाठीने चुकवली ते नळीवर छापलेले नसते.

ते वापरावे कसे? आपल्याकडे ते डॉक्टरच्या चिठ्ठीने मिळते आणि नामांकित बाटल्यांच्या मानाने पुष्कळच स्वस्त पडते. उजेडात ते खराब होते, म्हणून त्याला नेहमी रात्रपाळी. कोरड्या तोंडावर, सबंध चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढे, आरंभी आठवड्यातून दोनच रात्री. पहिले काही आठवडे कातडी लाल होते, सोलते. पुष्कळ लोक तिथेच सोडून देतात. गुण दिसायला तीन ते सहा महिने लागतात. गरोदर किंवा गरोदर राहू इच्छिणाऱ्या बाईने ह्याच्या आणि रेटिनॉलच्याही वाटेला जाऊ नये.

तिसरे क जीवनसत्त्व. ह्याची सकाळची पाळी. सनस्क्रीनच्या खाली ते उन्हाच्या माऱ्याला आणखी थोडा अडथळा करते. पण ही वस्तू फार नाजूक. हवा आणि उजेड लागून द्रव तपकिरी झाला की बाटली टाकावी. क जीवनसत्त्व लिंबात आहे म्हणून तोंडाला लिंबू चोळून उन्हात जाणाऱ्यांना आमची हात जोडून विनंती आहे, तसे करू नका. लिंबाच्या रसावर ऊन पडले की कातडी भाजते आणि महिनोन्‌महिने काळा डाग राहतो.

नायसिनामाइड हे ब गटातले जीवनसत्त्व. गरीब स्वभावाचे, कोणाशीही जमवून घेणारे, डागांवर आणि कोरडेपणावर मध्यम गुणाचे. क जीवनसत्त्वाशी त्याचे भांडण आहे असा समज पसरला आहे, तो खरा नाही. ग्लायकोलिक आणि लॅक्टिक ही आम्ले वरची मेलेली कातडी सोडवतात. लॅक्टिक म्हणजे दह्यातलेच. मात्र ती ट्रेटिनॉइनच्या रात्री लावू नयेत. त्वचेचा वरचा थर विटांच्या बांधकामासारखा आहे, पेशी ह्या विटा आणि मधला माल स्निग्ध पदार्थांचा. दोन्ही औषधे एकदम लावली की माल निखळतो आणि भिंत गळू लागते. ती लिंपायला साधे ग्लिसरीन, व्हॅसलीन किंवा वास नसलेले कोणतेही क्रीम चालते. हायलुरॉनिक आम्लाचा सध्या मोठा गाजावाजा आहे. ते पाणी धरून ठेवते एवढेच, आणि तेवढे काम ग्लिसरीनही करते.

मेळ घालण्याचा नियम आम्ही आमच्या धंद्यावरून सांगतो. एका वेळी एकाच मागणीची बोलणी करावीत. एक औषध आणा, महिनाभर पाहा, मग दुसरे. पाच बाटल्या एका दिवशी उघडल्या आणि तोंड सुजले तर आरोपी कोण हे ब्रह्मदेवालाही कळायचे नाही.

आता ज्यासाठी आम्ही हे व्याख्यान स्वीकारले त्या गोष्टीकडे येतो. आमच्या सभासदांपैकी एक बाई, बांधकामावर विटा वाहणारी. तिला कोणीतरी एक नळी दिली. आठ दिवसांत तोंड उजळले, डाग फिके झाले. तिने आणखी चौघींना सांगितले. सहा महिन्यांनी आमच्याकडे आली तेव्हा तोंड लालभडक, गालावर बारीक शिरा आणि लव आलेली. म्हणाली, “दादा, मलम लावलं की थंड वाटतंय, सोडलं की तोंडाला आग लागतेय. उन्हात उभंच राहावंना.” उन्हात उभे राहता येत नाही तर विटा कशा वाहणार?

त्या नळीत तीन औषधे होती: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन. ह्या त्रयीचा मूळ नुस्खाही क्लिगमनचाच, १९७५ सालचा. फक्त त्यातले स्टिरॉइड वेगळे होते. वांगावर डॉक्टरच्या देखरेखीखाली काही आठवडे हे मिश्रण उपयोगी आहे. परंतु त्यातले तिसरे द्रव्य स्टिरॉइड आहे. ते महिनोन्‌महिने लावले की कातडी पातळ होते आणि त्याच्यावाचून राहीनाशी होते. २०१८ साली केंद्र सरकारने स्टिरॉइडच्या अनेक मलमांना चिठ्ठीचे बंधन घातले, तरी चिठ्ठी न पाहता नळी हातावर ठेवणारे आजही भेटतात. म्हणून नळीवरची बारीक अक्षरे वाचायला शिका. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन ह्यांपैकी एक नाव दिसले तर ती वस्तू सौंदर्याची नव्हे. अक्षरे वाचता येत नसतील तर मुलांकडून वाचून घ्या, आमच्या कचेरीत या.

आणि ज्या डबीवर अक्षरेच नाहीत ती तर घरातही आणू नका. अकोल्यातील एका कुटुंबातील मायलेकींना अशाच एका उजळ करणाऱ्या क्रीमने मूत्रपिंडाचा विकार जडला, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात शोध लागला तो क्रीममधल्या पाऱ्याचा. पारा कातडीचा रंग दाबतो हे खरे, पण तो कातडीतून रक्तात जातो.

आमच्या त्या बाईला आम्ही त्वचेच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी स्टिरॉइड एकदम न तोडता हळूहळू उतरवले. मधले दोन महिने फार कठीण गेले. तिची पाळी आम्ही भांडून पहाटेची करून घेतली आणि उन्हाच्या वेळी तिला सावलीतले काम मिळाले. आता आग थांबली आहे. वांग पुन्हा दिसू लागला आहे. ती रुमाल बांधते, ग्लिसरीन लावते, आणि ट्रेटिनॉइन कधी सुरू करायचे असे दर महिन्याला डॉक्टरांना विचारते. डॉक्टर अजून नाही म्हणतात. बाकीच्या चौघींपैकी दोघींनी ती नळी अजून सोडलेली नाही. त्या आज ह्या सभेत येणार होत्या. आल्या असतील तर व्याख्यान संपल्यावर व्यासपीठाच्या मागे आम्हाला भेटावे, पत्ता लिहून ठेवला आहे.