आडोसा आपल्या हक्काचा

(घोडेगाव, ता. नेवासे इथं बचत गटांतल्या बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज कॉम्प्युटरबद्दल बोलायचं आहे असं सांगितलं तेव्हा मागच्या दोघी-तिघी हसल्या. एकीनं तर म्हटलंही, "आमचं काय काम त्याच्याशी? तो पोराचा." तिथूनच सुरुवात करू या. कॉम्प्युटर पोराचा, पण त्यात आहे काय? तुमच्या आधार कार्डाची प्रत आहे. पासबुकाचं पहिलं पान आहे. २०२४ साली 'माझी लाडकी बहीण' योजनेचे अर्ज भरताना काढलेले फोटो आहेत. गटातल्या कर्जाच्या याद्या आहेत. म्हणजे यंत्र पोराचं आणि आतला ऐवज तुमचा! मग त्याची किल्ली कुणाकडे, हे विचारायला नको?

इथून पाच-सहा किलोमीटरवर शनिशिंगणापूर. घरांना दारं नसलेलं गाव म्हणून जगभर गाजलेलं. २०११ साली तिथं एका बँकेनं बिनकुलपाची शाखा काढली, त्याचीही केवढी बातमी झाली. पण दार नसलं तरी चौकटीला पडदा लागतोच. कुलूप नको म्हणणाऱ्या गावालाही आडोसा हवाच असतो. आणि त्याच गावात देवाच्या चौथऱ्यावर बाईला पाय ठेवायला २०१६ चा एप्रिल उजाडावा लागला, तोही हायकोर्टानं बजावल्यावर. घर सताड उघडं, चौथरा मात्र बाईला बंद. काय उघडं ठेवायचं आणि काय बंद, हे ठरवणारा कोण? माझं आजचं सगळं बोलणं या एका प्रश्नाभोवती आहे.

पुस्तकात 'खाजगीपणा' असा शब्द असतो. आपल्याकडे त्याला साधा शब्द आहे, आडोसा. आडोसा नाही म्हणून अंधार पडेपर्यंत पोट दाबून बसलेल्या बायका आपण पाहिल्या आहेत. आपल्यातल्या काही तशा वाढल्याही आहेत. तेव्हा आडोशाची किंमत आपल्याला कुणी शिकवायला नको.

पण चळवळीतल्या जुन्या मैत्रिणी इथं मला अडवतील, आणि त्यांचं बरोबर आहे. 'घरची गोष्ट चव्हाट्यावर आणू नका' हे ऐकून ऐकून आपले कान किटले. मारहाण ही घरची खाजगी बाब नाही, हे सांगण्यात आपली उमेद गेली, तेव्हा कुठं २००५ साली घरगुती हिंसाचाराचा कायदा झाला. आणि आज आपणच खाजगीपणा मागायचा?

मागायचा. फक्त कुणासाठी ते नीट सांगायचं. घराचा आडोसा वेगळा, बाईचा आडोसा वेगळा. घराच्या आडोशाखाली मारणारा लपतो, बाईच्या आडोशाखाली बाई श्वास घेते. आपल्याच राज्यातला एक खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता, महाराष्ट्र राज्य विरुद्ध मधुकर मर्डीकर. एक पोलीस अधिकारी रात्री एका बाईच्या झोपडीत घुसला. 'बाईच तसली' म्हणून तिच्या शब्दावर विश्वास ठेवायला हायकोर्ट तयार नव्हतं. १९९० साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं, बाई कशीही असो, तिच्या खाजगीपणावर घाला घालायचा हक्क कुणालाही नाही. पुढं २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या निकालपत्रात हा धोकाही नोंदवला आहे, की खाजगीपणाच्या नावाखाली पुरुषी सत्ता झाकली जाऊ शकते. म्हणजे आपलं म्हणणं तिथपर्यंत पोचलं होतं.

आता माझंच सांगते. आमच्या घरी एकच कॉम्प्युटर आणि सगळ्यांचं मिळून एकच खातं. मला छातीत गाठ लागली. तपासणी होईपर्यंत घरात बोलायचं नव्हतं. रात्री सगळे झोपल्यावर मी त्याबद्दल शोधून वाचलं. दुसऱ्या दिवशी मुलगा अभ्यासाचं काही शोधायला बसला, एक अक्षर टाकलं तर खाली माझे शब्द ओळीनं उभे राहिले. पोरगं पांढरंफटक पडलं. "आई, तुला काय झालंय?" गाठ साधी निघाली. पण ते मी माझ्या तोंडानं, माझ्या वेळेला सांगायचं होतं, ते यंत्रानं सांगून टाकलं.

माझ्या घरात निदान विचारणारं पोर होतं. आमच्या केंद्रात आलेल्या एका बाईचं तसं नव्हतं. नाव-गाव सांगत नाही. तिनं घरच्या कॉम्प्युटरवर पोटगीबद्दल आणि हिंसाचाराच्या कायद्याबद्दल वाचलं. नवऱ्यानं संध्याकाळी हिस्टरी उघडली. ती आमच्याकडे आली ती सुजलेला हात घेऊन. गुन्हा मारणाऱ्याचाच. पण हिस्टरी कशी राहते आणि कशी पुसतात, हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं, हेही खरं.

तेव्हा लक्षात ठेवा, पाहणारे दोन आहेत. एक घरातला, एक लांबचा. लांबचा म्हणजे कंपन्या. तुमच्या शुक्रवारच्या जनावरांच्या बाजारात सौदा कसा होतो? रुमालाखाली बोटं धरून. भाव दोघांनाच कळतो, आणि खुंट्याला बांधलेल्या बैलाला काहीच कळत नाही. आपण काय शोधतो, कुठं जातो, काय विकत घेतो याचाही सौदा तसाच रुमालाखाली चालतो. खुंट्याला आपण.

आता हाताला काम. एकेक करून सांगते, लिहून घ्या.

पहिलं, आपलं वेगळं खातं. विंडोज असेल तर सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स'मधून घरातल्या प्रत्येकासाठी वेगळं खातं काढता येतं. पासवर्ड आपला, जन्मतारीख किंवा पोरांची नावं नकोत. उठताना विंडोजचं बटण आणि 'एल' दाबलं की पडद्याला कुलूप. पण एक ध्यानात ठेवा, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं खातं ज्याच्याकडे, तो दुसऱ्यांच्या फायली उघडू शकतो.

दुसरं, कंपन्यांकडे जाणारी माहिती. सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' उघडा. 'अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी' बंद करा. 'डायग्नॉस्टिक्स'मध्ये 'ऑप्शनल' माहिती पाठवणं बंद करा. 'रिक्वायर्ड' म्हणून जी आहे ती घरगुती विंडोजमध्ये पूर्ण बंद होत नाही. लोकेशन, कॅमेरा, मायक्रोफोन कुणाकुणाला दिलाय ते पाहा, नको ते बंद करा. कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली तरी चालेल, तिला वीजही लागत नाही.

तिसरं, ब्राउझर. 'इनकॉग्निटो' खिडकीत शोधलेलं त्या कॉम्प्युटरच्या हिस्टरीत राहत नाही. पण वेबसाइटला आणि इंटरनेट पुरवणाऱ्याला ते दिसू शकतं, अदृश्य व्हायचा हा मंत्र नाही. शिवाय फोनवर आणि कॉम्प्युटरवर एकच गूगल खातं असेल आणि सिंक चालू असेल, तर फोनवर शोधलेलं घरच्या कॉम्प्युटरवर उमटू शकतं. गूगल खात्यात 'वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी' थांबवता येते, जुनी पुसता येते.

चौथं, आधार. जिथं चालेल तिथं 'मास्क्ड' आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. बायोमेट्रिकला कुलूपही लावता येतं. दुकानात प्रत काढली तर तिथल्या कॉम्प्युटरवरून पुसायला सांगा, आणि पुसेपर्यंत उभ्या राहा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ज्या घरात मारहाण आहे, पाळत आहे, तिथं एकदम सगळं बदलू नका. रोजची हिस्टरी अचानक कोरी झाली, नवा पासवर्ड लागला, की संशय येतो आणि हात उठतो. अशा मैत्रिणीनं मदत शोधायला घरचं यंत्र वापरूच नये. मैत्रिणीचा फोन, केंद्रातला कॉम्प्युटर वापरावा. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. पैशाची ऑनलाइन फसवणूक झाली तर लगेच १९३० लावायचा. आणि बाईच्या इंटरनेटवर, ईमेलवर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा ठरू शकतो, हेही माहीत असू द्या.

कंपन्यांसाठी २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. नियम निघायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि मुख्य बंधनं लागू व्हायला त्यापुढं अठरा महिन्यांची मुदत दिली. संमती दिली तशी काढून घेता येईल, माहिती पुसायला सांगता येईल, असं त्यात आहे. पण कायदा कागदावर असतो, तो वापरावा लागतो, हे आपल्याला नवं नाही.

शेवटी एक मागणं. प्रत्येक गटानं एक संध्याकाळ काढा. पोराला शेजारी बसवा, पण माऊस त्याच्या हातात देऊ नका. "थांब, तू नुसतं सांग, मी करते," म्हणा. हळू होईल, चुकेल, चालेल. सही करायलाही आपण अशाच शिकलो होतो, अंगठा पुसून. आज घरी गेल्यावर निदान एक खातं आपल्या नावाचं काढा. उघडं काय ठेवायचं आणि बंद काय, हे त्यात तरी आपण ठरवू.