‘ढ’ अक्षर आणि बुद्धीचा आकडा



अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलास मराठीत ‘ढ’ म्हणण्याचा प्रघात जुना आहे. वर्णमालेतील इतकी अक्षरे सोडून ह्याच अक्षराच्या वाट्यास ही अपकीर्ती का यावी, ह्याचा उलगडा मोठ्या मौजेचा सांगतात. ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंत येता येता इतर अक्षरांची वळणे पार पालटली. ‘ढ’ मात्र जवळजवळ होता तसाच राहिला. जो बदलत नाही तो ‘ढ’. ही उपपत्ती खरी की रचलेली, ह्याचा निर्णय शब्दशास्त्रज्ञांनी करावा. परंतु तिच्यात एक मर्म अचूक सापडले आहे. मुलास ‘ढ’ म्हणणारा मनुष्य त्याच्या आजच्या स्थितीचे वर्णन करीत नसतो. हा उद्याही असाच राहणार, असे भाकीत करीत असतो.

पूर्वी हे भाकीत गुरुजींच्या तोंडी असे, आणि तोंडचा शब्द पुष्कळदा सुटीनंतर विसरलाही जाई. विसाव्या शतकात त्यास आकड्याचे रूप आले. आकडा कागदावर उतरतो, आणि कागद मुलाच्या मागोमाग शाळेतून शाळेत जातो.

ह्या आकड्याचा उगम मात्र सद्धेतूतून झाला. कोणत्या मुलांस निराळ्या शिकवणीची गरज आहे, हे ओळखण्याचे काम फ्रेंच सरकारने 1904 साली एका समितीकडे सोपविले आणि त्यातून आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमों ह्यांची कसोटी 1905 मध्ये सिद्ध झाली. मागे पडलेले मूल हुडकावे ते त्यास हात देण्यासाठी, एवढाच बिनेचा संकल्प होता. बुद्धी जन्मतः ठरलेली असून तीत भर पडूच शकत नाही, असे मानणाऱ्यांचा त्याने 1909 च्या आपल्या ग्रंथात कडक शब्दांत निषेध केला. 1911 साली तो निवर्तला. पुढल्याच वर्षी जर्मनीत स्टर्नने मानसिक वयास प्रत्यक्ष वयाने भागण्याची रीत सुचविली, 1916 मध्ये अमेरिकेत टर्मनने त्या भागाकारास शंभराने गुणले, आणि ‘बुद्ध्यंक’ जन्मास आला. हात देण्याचे साधन पाहता पाहता शिक्का मारण्याचे साधन झाले.

तो शिक्का कोठवर जाऊ शकतो, ह्याचे एक उदाहरण अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात घडले. कॅरी बक नावाची एक तरुणी कसोटीवरून मंदबुद्धी ठरविण्यात आली होती. तिची आईही तशीच ठरली होती. तिची निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया सक्तीने करावयाची, तर दोष वंशपरंपरेचा आहे असे दाखविणे प्राप्त होते. म्हणून तिच्या अवघ्या सात-आठ महिन्यांच्या मुलीकडे पाहून, हीसुद्धा काही नीटशी दिसत नाही, अशी साक्ष देण्यात आली. 1927 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने शस्त्रक्रियेस मान्यता दिली. ती मुलगी, व्हिव्हियन, पुढे शाळेत गेली आणि 1931 मध्ये तिचे नाव शाळेच्या गुणवंतांच्या यादीत लागले. पुढल्या वर्षी, वयाच्या आठव्या वर्षी, ती आजाराने वारली. अंगावरच्या मुलाचे भाकीत करणाऱ्या विद्वानांस ती यादी पाहावयास मिळाली किंवा कसे, कोण जाणे!

भारतात ही कसोटी जशीच्या तशी चालणार नाही, हे सुज्ञांनी लवकर ओळखले. डॉ. व्ही. व्ही. कामत ह्यांनी बिनेची कसोटी कानडी व मराठी मुलांसाठी नव्याने बेतली. त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1940 साली प्रसिद्ध झाला. भाषा पालटली की प्रश्न पालटतो, हे त्या परिश्रमामागील तत्त्व होय. पांढुर्णा आणि सौंसरच्या मुलखास ह्या तत्त्वाचे मोल विशेष आहे. 1956 च्या प्रांतरचनेत नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हा मराठी टापू मध्यप्रदेशात राहिला. मुलाच्या घरी वऱ्हाडी वळणाची मराठी, कोठे पवारी, कोठे गोंडी. शाळेत बहुतांशी हिंदी. समजा, अशा मुलास कोणी हिंदीतून ‘शिक्षा’ ह्या शब्दाचा अर्थ विचारला. ते ‘मार’ असे सांगेल आणि त्याचा गुण जाईल. वस्तुतः मराठीत त्याचे उत्तर बरोबर आहे. संस्कृत पाठशाळेच्या विद्यार्थ्यास तोच प्रश्न केला, तर तो उच्चारशास्त्राचे वेदांग असे सांगेल, आणि हिंदीच्या कोष्टकात त्याचाही गुण जाईल! ‘चेष्टा’ शब्दाची हीच गत: हिंदीत प्रयत्न, मराठीत थट्टा.

कालमानाचेही असेच आहे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तामिळनाडूतील ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांची बुद्धिकसोटी दोनदा घेतली होती: तोडणीपूर्वी, हात आखडलेला असताना, आणि तोडणीनंतर, पैसा हाती आल्यावर. त्याच माणसांचे गुण दुसऱ्या खेपेस वाढलेले आढळले. ती प्रौढ माणसे होती, मुले नव्हत; तथापि कापूस आणि संत्र्यावर ज्यांचे वर्ष अवलंबून असते, त्यांस ही गोष्ट फोड करून सांगावयास नको.

अमरकोशात बुद्धीस चौदा नावे दिली आहेत, आणि जी धरून ठेवते ती ‘मेधा’ वेगळी सांगितली आहे. चौदा नावांच्या वस्तूस एकच आकडा पुरेसा वाटावा, हे धारिष्ट अर्वाचीनांचेच.

तरीही कसोटी सर्वस्वी टाकाऊ म्हणता येत नाही. मुलास खरोखरच साहाय्य हवे असेल, तर त्याच्या सवलतीचा दाखला तिच्यावाचून मिळत नाही. ह्या बाबतीत पांढुर्णा-सौंसरच्या शेजारी नागपुरातच झालेले काम डोळ्यांपुढे ठेवण्याजोगे आहे. तेथील बालमार्गदर्शन केंद्राचे डॉ. आर्थर मालिन ह्यांनी 1969 मध्ये 6 ते 15 वर्षांच्या भारतीय मुलांसाठी बुद्धिमापनाची श्रेणी बेतली. ती एक आकडा देते खरी, परंतु तो अकरा निरनिराळ्या उपकसोट्यांतून येतो. शब्दांच्या सहा, हातांनी करावयाच्या पाच. पहिल्या सहांत अडखळणारे मूल दुसऱ्या पाचांत मोकळे होऊ शकते, आणि बेरीज करताच तो भेद बुजून जातो. ह्याच मालिन ह्यांनी सामाजिक परिपक्वतेचा एक दुसरा तक्ताही भारतीय मुलांसाठी तयार केला. त्यात मुलास कोडी घालीत नाहीत. त्याला जवळून ओळखणाऱ्यास विचारतात. स्वतःच्या हाताने जेवतो का? कपडे घालतो का? एकटा शेजारी जाऊन येतो का? 2016 च्या दिव्यांगविषयक कायद्यानेही बौद्धिक अक्षमतेची व्याख्या करताना बुद्धीच्या जोडीला हाच नित्यव्यवहार मोजावयास लावला आहे.

सौंसरहून वा पांढुर्ण्याहून मूल घेऊन नागपुरास गेलेली आई परतली, की आळीतल्या बाया विचारतात, “किती आले?” ती पहिल्या तक्त्याचा आकडा सांगते. दुसऱ्या तक्त्याची सगळी उत्तरे तिनेच दिलेली असतात. ती मात्र कोणी विचारीत नाही.