कारखाना मिटल्यावर गाडीचे सुटे भाग कोठें मिळतात?

कारखान्याला कुलूप लागलें म्हणून त्यांतून बाहेर पडलेल्या गाड्या त्याच दिवशीं उभ्या राहत नाहींत. त्या चालत राहतात, झिजत राहतात, आणि मग एखाद्या सकाळीं एका लहानशा रबरी कड्यासाठीं सबंध गाडी अडून बसते. महाराष्ट्रांतल्या पुष्कळ घरांना हा अनुभव ‘जावा’ आणि ‘येझदी’ या मोटारसायकलींनीं दिलेला आहे. ‘जावा’ मूळची चेकोस्लोव्हाकियाची. फ्रांतिशेक यानेचेक यांनीं ती १९२९ सालीं सुरू केली. भारतांत रुस्तुम इराणी व फारोख इराणी यांनीं म्हैसूर येथें ‘आयडियल जावा’ हा कारखाना काढला आणि १९६१ पासून तेथें गाड्या तयार होऊं लागल्या. १९७३ पासून त्यांच्यावर ‘येझदी’ हें नांव आलें, १९७८ सालीं ‘रोडकिंग’ निघाली, आणि १९९६ सालीं कारखाना बंद पडला. म्हणजे या घराण्यांतल्या सर्वांत धाकट्या गाडीचें वयहि आतां पाव शतकाच्या पुढें गेलें आहे.

अशी गाडी बिघडली म्हणजे तिच्या मालकापुढें दोन वाटा असतात. एक वाट भंगारवाल्याच्या काट्याकडे जाते, दुसरी सुट्या भागांच्या दुकानाकडे. पहिली वाट सोपी आहे. पण तिच्यावरून परत येतां येत नाहीं. वडिलांनीं वापरलेली गाडी वजनावर विकली जाते, ती बहुधा यंत्र निकामी झालें म्हणून नव्हे, तर भाग कोठें मागावा हें घरांत कोणाला ठाऊक नसतें म्हणून.

पुष्कळांचें पहिलें पाऊल चुकीच्या दुकानांत पडतें. २०१८ सालीं ‘जावा’ आणि २०२२ सालीं ‘येझदी’ हीं नांवें एका नव्या कंपनीनें पुन्हां बाजारांत आणलीं. तीं पाहून जुन्या गाडीचा मालक नव्या दालनांत जातो आणि रिकाम्या हातानें परततो. त्यांत दुकानदाराचा कांहीं दोष नसतो. जुन्या गाडीचें इंजिन टू-स्ट्रोक आणि वाऱ्यानें थंड होणारें. नव्या गाडीचें फोर-स्ट्रोक आणि पाण्यानें थंड होणारें. टाकीवरचें नांव सारखें असलें, तरी इंजिनाच्या पोटांतला भाग एकीचा दुसरीला चालत नाहीं.

वास्तविक, ‘कोठें मिळेल’ हा प्रश्न दुसरा आहे. ‘हवें आहे तें नेमकें काय’ हा पहिला. कोणत्याहि मोटारसायकलीचे भाग तीन प्रकारचे असतात. कांहीं भाग जगांतल्या सर्व यंत्रांना सामाईक असतात. कांहीं त्याच गाडीचे, पण नेहमीं झिजणारे, आणि म्हणून कोणीतरी अजून तयार करीत असलेले असतात. आणि कांहीं त्याच गाडीचे, क्वचित् मोडणारे, आणि म्हणूनच आतां कोणी तयार न करणारे असतात. प्रत्येक प्रकाराचें दुकान वेगळें आहे. ही निवड ज्याला करतां येते त्याची निम्मी वणवण वांचते.

पहिल्या प्रकारांत बेअरिंग येतात. चाकांतलें किंवा इंजिनांतलें बेअरिंग ‘येझदीचें’ म्हणून मागण्याचें कारण नसतें. त्याच्या कडेवर अंक कोरलेला असतो. समजा, तो ६२०४ आहे. त्यांतील ६२ ही मालिका झाली. शेवटच्या ०४ ला पांचांनीं गुणलें कीं २० मिलिमीटर हें आंतील भोकाचें माप मिळतें. ६२०५ असेल तर २५. हे अंक सर्व जगांत एकच असल्यामुळें पाण्याच्या पंपाला बेअरिंग विकणारा दुकानदारहि तें देऊं शकतो. मात्र अंकापुढें ‘सी ३’ असें अक्षर असेल तर तेंहि कागदावर उतरून घ्यावें. आंतील गोळ्यांना थोडी अधिक मोकळीक ठेवलेली आहे, असा त्याचा अर्थ आहे. इंजिन तापून धातु फुगतो तेव्हां ती मोकळीक कामास येते.

तेलाच्या सीलचेंहि तसेंच. त्याच्यावर तीन मापें असतात : आंतील व्यास, बाहेरील व्यास आणि जाडी. टू-स्ट्रोक इंजिनांत या कड्याचें महत्त्व फार आहे. दट्ट्याच्या खालची पेटी हवा व पेट्रोल यांचें मिश्रण ओढून घेणाऱ्या पंपाचें काम करते. सील झिजलें तर तेथून नुसतीच हवा आंत शिरते, मिश्रण पातळ होतें आणि इंजिन अतोनात तापतें. अशा वेळीं कार्ब्युरेटर बदलून पैसे खर्च करणारे पुष्कळ असतात. खरा दोष सीलसारख्या स्वस्त भागाचा असतो. साखळीच्या अंकांतहि अर्थ असतो. ४२८ किंवा ५३० यांतील पहिला अंक दोन दुव्यांमधलें अंतर इंचाच्या अष्टमांशांत सांगतो. म्हणजे एकीचें अर्धा इंच, दुसरीचें पांच अष्टमांश. हें सर्व ज्या दुकानांत मिळतें त्याला जुन्या गाड्यांशीं कांहीं कर्तव्य नसतें.

दुसऱ्या प्रकारांत दट्ट्या म्हणजे पिस्टन, त्याच्या रिंगा, क्लचच्या प्लेटा, केबली आणि गॅस्केट हे भाग येतात. त्यांसाठीं सुट्या भागांच्या खास बाजारांत जावें लागतें. पुण्यांत नाना पेठ, मुंबईंत ऑपेरा हाऊसचा परिसर, बंगळूरांत जे. सी. रोड, दिल्लींत काश्मिरी गेट व करोलबाग हीं ठिकाणें त्यासाठीं प्रसिद्ध आहेत. तेथें जातांना जुना भाग पिशवींत घालून न्यावा. तोंडानें केलेल्या वर्णनापेक्षां तेलकट तुकडा दुकानदाराला अधिक लवकर समजतो.

दट्ट्याच्या खरेदींत एक क्रम पाळावा लागतो. २५० सी. सी. च्या जुन्या जावाच्या सिलिंडराचा मूळ व्यास ६५ मिलिमीटर. तो झिजला म्हणजे घासून मोठा करतात आणि पाव मिलिमीटरच्या टप्प्यानें वाढलेल्या मापाचा दट्ट्या बसवितात. येथें कित्येक जण आधीं सिलिंडर घासून आणतात आणि मग त्या मापाचा दट्ट्या शोधीत हिंडतात. बंद पडलेल्या कारखान्याच्या बाबतींत हा क्रम घातक ठरतो, कारण हवें तें माप बाजारांत मिळेलच असें नाहीं आणि घासलेला धातु परत भरून येत नाहीं. आधीं दट्ट्या हातांत यावा; सिलिंडर त्याच्या मापानें घासावा. सर्व टप्पे संपले असतील तर सिलिंडरांत नवा लायनर ठोकून मूळ मापावर येतां येतें. तें काम लेथवाल्याचें. बुश, आंस आणि साधे दट्टे-खुंटे हेहि चांगला टर्नर करून देतो. ज्या भागावर जिवाचा भार आहे असा भाग मात्र नुसत्या अंदाजानें घडवून घेऊं नये.

तिसरा प्रकार सर्वांत कठीण. जावाचा किक मारण्याचा दांडा फिरवून पुढें घेतला कीं तोच गिअरचा दांडा होतो. असा भाग दुसऱ्या कोणत्या गाडीचा आणून बसवितां येत नाहीं. टाकी, दिव्याचें कवच, साखळी झांकणारी पत्र्याची पेटी यांचेंहि तसेंच आहे. यांसाठीं पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार धुंडाळावा लागतो. त्याहून भरंवशाचा मार्ग म्हणजे या गाड्या सांभाळणाऱ्या हौशी मंडळांचा. जुलैच्या दुसऱ्या रविवारीं हीं मंडळी जावा-येझदी दिन साजरा करतात. कोणाकडे कोणता भाग पडून आहे, कोणता मेस्त्री अजून हात चालवितो, ही माहिती तेथें दुकानापेक्षां अधिक मिळते.

जुन्या बाजारांत डोळे उघडे ठेवावे लागतात. इंजिनाच्या पेटीवर आणि सांगाड्यावर क्रमांक असतो. तो घासलेला किंवा पुन्हां ठोकलेला दिसला, तर माल कितीहि स्वस्त असो, हात लावूं नये. चोरीचा माल आहे असें मानण्यास कारण असूनहि तो अप्रामाणिकपणें घेणें हा गुन्हा आहे. सबंध इंजिन बदललें तर मोटार वाहन कायद्याप्रमाणें नोंदणीच्या दप्तरांत तशी नोंद व्हावी लागते. पंधरा वर्षांनंतर गाडीची नोंदणी दर पांच वर्षांनीं वाढवून घ्यावी लागते. त्या वेळीं कागदावरचा क्रमांक एक आणि इंजिनावरचा दुसरा, असें निघालें तर वांचविलेल्या पैशांच्या कैक पट त्रास होतो.

आतां काटकसरीची मर्यादा. टाकी, दिवा, दांडा हे भाग जुने चालतात. टायर, ब्रेकचे शू, चाकाचा आंस आणि हँडल हे जुने घेऊं नयेत. रबर नुसतें ठेवल्यानेंहि म्हातारें होतें. टायरच्या कडेवर शेवटीं चार अंक असतात. पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी ताजी दिसली तरी तारीख वाचल्यावांचून टायर घेऊं नये. ब्रेकच्या शूला नवें अस्तर चढवून देणारे कारागीर मोठ्या शहरांत आहेत. झिजलेला मूळ शू त्यांच्याकडे देणें हें निनांवी डबींतल्या चकचकीत नकलेपेक्षां पुष्कळदां सुरक्षित असतें. नकली क्लच प्लेट गाडी थांबविते. नकली ब्रेक गाडी थांबवीत नाहीं. या दोन दोषांतला फरक ज्याला कळला, त्याला पैसे कोठें वांचवावे आणि कोठें वांचवूं नयेत हें वेगळें सांगावें लागत नाहीं. म्हणून अशा भागांची पावती मागून घ्यावी आणि तिच्यावर भागाचें नांव, माप व बनविणाराचें नांव लिहवून घ्यावें.

ज्या घरांत अशी गाडी आहे तेथें एक वही असावी. प्रत्येक बेअरिंगचा अंक, प्रत्येक सीलचीं तीन मापें, सिलिंडर कोणत्या टप्प्यावर आहे तो आंकडा, आणि कोणता भाग कोणत्या दुकानांतून आला त्याचा पत्ता तींत लिहून ठेवावा. मेस्त्री थकतात, दुकानें हलतात, आणि त्यांच्याबरोबर तोंडपाठ असलेली माहितीहि जाते. कारखान्यानें आपली यादी मिटली त्याला पुष्कळ वर्षें झालीं. पुढची यादी मालकानेंच लिहावयाची आहे. ती लिहिलेली असली, तर गाडी मुलाच्या हातीं जाईल तेव्हां तिच्याबरोबर भाग कोठें मागावा याचें उत्तरहि त्याच्या हातीं जाईल.