वाचलं, तर कळवा



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षानं मराठीच्या भवितव्याची चिंता करावी अशी प्रथा आहे. ती चिंता माझ्याआधीच्या अध्यक्षांनी पुरेशी करून ठेवली आहे, म्हणून मी तिला हात लावत नाही. आज मला बोलायचं आहे ते पुस्तक वाचून झाल्यावर लेखकाला पत्र लिहिण्याबद्दल. विषय किरकोळ वाटेल. पण ‘लोक वाचत नाहीत’ अशी ओरड आपण करतो, तेव्हा जे वाचतात तेही काही कळवत नाहीत, हे आपल्या लक्षात येत नाही. लेखकाला रॉयल्टीचा हिशेब मिळतो (मिळाला तर!), पण आपलं पुस्तक कुणाच्या घरात जाऊन काय करून आलं, हे त्याला कुणी सांगत नाही.

आपल्या संमेलनांच्या इतिहासात अगदी सुरुवातीलाच एक पत्र आहे. 1878 साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकारानं पुण्यात ग्रंथकारांचं पहिलं संमेलन भरलं. 1885 साली दुसरं ठरलं, तेव्हा रानड्यांनी जोतीराव फुल्यांना निमंत्रण पाठवलं. जोतीराव गेले नाहीत. त्यांनी उत्तर धाडलं. ते त्याच वर्षी जून महिन्यात ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आलं. जे लोक माणसाला माणसाचे हक्क द्यायला तयार नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभांचा, आमच्या पुस्तकांचा मेळ बसत नाही, असा त्याचा रोख होता. या पत्राचा उल्लेख बहुधा बहिष्काराचं पत्र म्हणून होतो. मी ते वाचकाचं पत्र म्हणून वाचतो. तुमच्या ग्रंथांत आमची दुखणी कुठे आहेत, असा जाब एका वाचकानं तमाम ग्रंथकारांना विचारला. मराठीत लेखकांना गेलेलं याहून मोलाचं पत्र मला माहीत नाही, आणि त्यात कौतुकाचा एक शब्द नाही. लेखकाला लिहायचं म्हणजे गोडच लिहायचं, हा गैरसमज तिथेच मिटायला हवा होता.

दुसरं उदाहरण सर्वांना ठाऊक आहे, पण त्यातल्या बारकाव्यांकडे आपण पाहत नाही. गांधीजींनी टॉल्स्टॉयचं ‘द किंगडम ऑफ गॉड इज विदिन यू’ दक्षिण आफ्रिकेत 1894 साली वाचलं. लेखकाला पहिलं पत्र मात्र लिहिलं 1 ऑक्टोबर 1909 रोजी, लंडनहून. पंधरा वर्षं मध्ये गेली. तेव्हा ‘फार उशीर झाला, आता काय कळवायचं’ ही सबब कुणी सांगू नये. दुसऱ्या दिवशी गांधीजींना चाळीस वर्षं पूर्ण होणार होती. टॉल्स्टॉय ऐंशी ओलांडलेले. पत्रात स्तुतीचे पाढे नाहीत. दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमधल्या हिंदी लोकांवर काय बेततं आहे, ते आधी सांगितलं आहे. मग टॉल्स्टॉयनी एका हिंदी माणसाला लिहिलेल्या पत्राची नक्कल हाती आली आहे, ते खरोखर तुमचंच का, आणि असल्यास त्याच्या वीस हजार प्रती छापू का, अशी विचारणा आहे. शिवाय आणखी एक विनंती: त्या मजकुरातला पुनर्जन्माचा उल्लेख तेवढा गाळता का? जगभर ज्याचा दबदबा, त्या लेखकाला एक अनोळखी वाचक शब्द गाळायला सांगतो! टॉल्स्टॉयनी आठवड्याभरात उत्तर लिहिलं. उल्लेख गाळणं मला पसंत नाही, पण तुमची इच्छाच असेल तर गाळा, असं सांगितलं. पुढच्या एप्रिलमध्ये याच वाचकानं ‘हिंद स्वराज’चं इंग्रजी भाषांतर टॉल्स्टॉयना पाठवून अभिप्राय मागितला. वाचकाचा लेखक झाला आणि लेखकाचा वाचक. नोव्हेंबर 1910 मध्ये टॉल्स्टॉय गेले. पत्र आणखी सव्वा वर्ष लांबलं असतं तर यातलं काहीच घडलं नसतं.

आणि बाबासाहेब आंबेडकर. 1946 साली त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. आपली गाठ पडलेली नाही, पण तुमचं लेखन मी वाचत आलो आहे, अशी ओळख देऊन अमेरिकेतले निग्रो आणि आपल्याकडचे अस्पृश्य यांच्या स्थितीतलं साम्य त्यांनी दाखवलं, आणि निग्रोंच्या वतीनं संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्या. जुलै संपायच्या आत ड्यू बॉइसनी उत्तर लिहिलं. बाबासाहेबांच्या पत्राचा मजकूर मोजका, कामाचा. वाचलं आहे म्हणून हक्कानं मागितलेलं.

थोरांची पत्रं झाली. आता एक साधं पत्र सांगतो. माझ्या एका कथाकार मित्राला ते आलं होतं, निळ्या अंतर्देशीय पत्रावर. घाईनं उघडल्यामुळे कडेच्या ओळींची दोन-दोन अक्षरं फाटून गेली होती. लिहिणारी बाई ऊसतोडीला जाणारी, शिक्षण सातवीपर्यंत. मित्राच्या कथेतली बाई फडातून कोपीवर येते आणि भाकरी थापायला बसते. या बाईनं लिहिलं होतं: पाचटानं बोटं चिरलेली असतात, त्यांना आधणाचं पाणी लागलं की पहिल्या दोन भाकऱ्या दात खाऊन थापाव्या लागतात, तिसऱ्या भाकरीला हात बधिर होतो, मग काही वाटत नाही. बाकी गोष्ट बरी आहे. बस्स, एवढंच. त्या कथेवर पुढे एका नियतकालिकात चार पानी समीक्षा आली. तीत ‘शोषणाचं सूचक चित्रण’ होतं. तिसरी भाकरी नव्हती.

मला हवं ते पत्र असं असतं. कुठल्या पानावर थांबलात, काय खटकलं, तुमच्या गावात ते कसं घडतं, एवढंच लिहा. ‘अप्रतिम’, ‘निःशब्द’ हे शब्द लेखकाच्या काही उपयोगाचे नाहीत. सोबत आपला अप्रकाशित कवितासंग्रह जोडू नका आणि प्रस्तावनेची मागणी करू नका. मोबाइलवर अंगठा दाखवणं मी पत्रात धरत नाही. ईमेल मात्र जरूर धरतो, मजकूर आपला असला म्हणजे झालं.

उत्तर येईलच असं नाही, आणि न आल्यास राग धरू नये. पण कधीकधी फार दूरवर पोचणारं उत्तर येतं. कथाकार जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहिले, सभासंमेलनांपासून कटाक्षानं लांब. माणूस भेटायला बिचकणारा, पण पत्रात किती मोकळा, हे त्यांच्या निवडक पत्रांचे चार खंड सांगतात. त्यातला पहिला सगळा लेखिका सुनीताबाई देशपांड्यांना लिहिलेल्या पत्रांचा. सुनीताबाईंची बाजू ‘प्रिय जी. ए.’मध्ये आहे. दोन चोखंदळ वाचक एकमेकांशी किती विषयांवर बोलू शकतात, हे पाहायचं तर ही दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचावीत.

पोस्टाचं बरंच काही बदललं. 2025 साली रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. पोस्टकार्ड मात्र अजून पन्नास पैशांचंच आहे. पन्नास पैसे कुणाच्याच खिशात नसतात, त्यामुळे निदान दोन कार्डं घ्यावी लागतात. दुसरं अनुवादकाला लिहा. त्याला तर कुणीच लिहीत नाही.

संयोजकांना माझी एक विनंती आहे. ग्रंथप्रदर्शनाच्या दाराशी उद्या सकाळपासून एक टेबल ठेवा, त्यावर कोरी पोस्टकार्डं आणि चार पेनं. आणि लेखक मित्रांना सांगणं असं की आलेली पत्रं रद्दीत घालू नका, गावातल्या ग्रंथालयाला द्या. मराठी माणसानं काय वाचलं आणि ते त्याला कसं लागलं, याचा पुरावा पुढच्या अभ्यासकाला तिथेच मिळेल.

तुमच्याकडे, वाचकांकडे, मागणं इतकंच: गेल्या वर्षभरात जे पुस्तक तुम्हांला सोडवत नव्हतं, त्याची सुरुवातीची पानं आज घरी गेल्यावर उघडा. मुद्रक-प्रकाशकाच्या पानावर पत्ता असतो. लेखक हयात असेल तर या आठवड्यात त्याला लिहा.