‘ट्रस्ट’ म्हणजे काय?

(रौप्यमहोत्सवी समारंभात सिल्वासा येथे दिलेले भाषण)



शाळामास्तराने शब्दाचा अर्थ सांगावा, हेच बरे. आपल्या पाटीवरचा आणि पावतीवरचा ‘ट्रस्ट’ हाच शब्द मी आज घेतला आहे.

हा शब्द इंग्रजीत जुन्या नॉर्स भाषेतून आला. तेथे ‘ट्राउस्ट’ म्हणजे आधार, भरवसा. मध्ययुगात इंग्लंडमधील जमीनदार आपली जमीन मित्राच्या नावे करी. तिचा लाभ मात्र बायकामुलांसाठी असे. मित्र फिरला, तर साध्या न्यायालयात दाद लागत नसे, कारण कागदोपत्री मालक तोच! अखेर चॅन्सेलरच्या न्यायालयाने अशा मित्राला त्याच्या शब्दाने बांधले. आजचा ट्रस्टचा कायदा त्यातून वाढला. अमेरिकेत मात्र १८८२ मध्ये तेलाच्या कंपन्यांनी हेच नाव घेऊन मक्तेदारी उभारली, आणि १८९० मध्ये ‘ट्रस्ट’विरुद्धच कायदा करावा लागला. नाव चांगले असले म्हणजे काम चांगले असतेच असे नाही.

आपल्या ‘विश्वास’ शब्दात श्वास आहे. ज्याच्यापाशी मोकळा श्वास घेता येतो, तो विश्वासाचा माणूस. अरबी ‘अमानत’ची मराठीत ‘अनामत’ झाली. तिचे नाते ‘इमान’शी आहे. आपला मुलूखही १९५४ पासून वरिष्ठ पंचायतीच्या हाती अशीच अनामत होता. ११ ऑगस्ट १९६१ रोजी तो भारतात विलीन झाला.

आता एक कबुली देतो. मी नोकरीत नवा असताना एका वारली मातेने मुलाच्या परीक्षेची फी माझ्याजवळ ठेवली. घरी आजारपण निघाले आणि ते पैसे मी खर्च केले. पगार होताच, मुदतीच्या आत, फी भरली. कोणास काही कळले नाही. पावती घेताना ती म्हणाली, “मास्तर, तुमच्याजवळ होते, म्हणून घोर नव्हता.” मी मान खाली घातली. तिची अनामत वाचली ती माझ्या इमानामुळे नव्हे, पगार वेळेवर झाला म्हणून!

तेव्हापासून दुसऱ्याचा पैसा मी नाव लिहून वेगळ्या पाकिटात ठेवतो.

म्हणून तरुण सभासदांना माझी विनंती आहे, की हिशेब विचारीत जा. विश्वस्तांनीही त्याचा राग मानू नये. हिशेब विचारणे हा अविश्वास नव्हे. माझ्यासारख्या दुबळ्या माणसाला इमानदार ठेवण्याचा तो उपाय आहे.