आकाशातून दिसलेले तळे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी आपण वर्षभराच्या कामांचा आढावा घेतो. आज मी माझ्या हातून झालेल्या एका चुकीचा आढावा घेणार आहे.

गेल्या वर्षी आपल्या तळ्यातली जलपर्णी काढायला बायका आल्या होत्या. कंबरभर पाण्यात उभे राहून त्यांनी तीन आठवडे ती ओढून काढली. नंतर एके सकाळी मी घाटावर गेले, तो पायऱ्यांपासून नजर पोचेल तिथवर हिरवेगार! मी तडक सभेत सांगितले, "काम झालेलेच नाही." आपले पत्र गेले, देयक अडकले आणि त्या बायकांची मजुरी दीड महिना लांबली.

माझे डोळे उघडले ते माझ्या भाचीने. ती भूगोल शिकते. "मावशी, तळे घाटावरून मोजायचे नसते," असे म्हणून तिने उपग्रहाने घेतलेली चित्रे माझ्यापुढे ठेवली.

ही युक्ती समजायला सोपी आहे. हिरवे पान सूर्याचा तांबडा प्रकाश बराचसा शोषून घेते. पण तांबड्यापलीकडचा, आपल्या डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश मात्र भरपूर परतवते. स्वच्छ पाणी तो अवरक्त प्रकाश गिळून टाकते. समजा, पानावरून शंभरातला ५ भाग तांबडा आणि ४५ भाग अवरक्त प्रकाश परतला. दोहोंतला फरक ४०, बेरीज ५०, भागाकार ०.८. पाण्याचा हाच आकडा शून्याच्या आसपास किंवा त्याखाली येतो. मग पान कुठे आणि पाणी कुठे, हे आकड्यावरूनच कळते.

युरोपचा सेंटिनेल-२ हा उपग्रह २०१५ साली सोडला गेला. पुढे त्याला जोडीदार मिळाला, आणि आता दर पाच दिवसांनी आपल्या डोक्यावरून चित्र घेतले जाते. ते कोणालाही फुकट पाहता येते. त्यातला एकेक चौकोन दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद असतो. असे शंभर चौकोन म्हणजे एक हेक्टर. रांगोळीचे ठिपके मोजावेत तसे हिरवे चौकोन मोजायचे, की जलपर्णीचे क्षेत्र हाती येते.

आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवराची हकीकत मला भाचीनेच सांगितली. त्याच्या केनियातल्या विनाम आखातात १९९८ साली सुमारे १७ हजार हेक्टर पाणी या वनस्पतीने झाकले होते. होड्या अडकल्या, मासेमारी ठप्प झाली. पुढच्या दोनेक वर्षांत ती बहुतांशी ओसरली. काही तज्ज्ञांनी याचे श्रेय ती खाणाऱ्या, मुद्दाम सोडलेल्या सोंडकिड्यांना दिले, तर काहींनी हवामानाला. हा वाद घालता आला, कारण सालोसालची चित्रे हाताशी होती. २००६ च्या अखेरच्या मोठ्या पावसानंतर जलपर्णी पुन्हा फोफावली, तेही चित्रांतच दिसले. आपल्याकडेही अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने २०११ साली देशातल्या पाणथळ जागांचा नकाशासंग्रह काढला. त्यात पावसाळ्यापूर्वी आणि नंतर पाण्यावर किती वनस्पती होती, तेही नोंदले आहे.

या साधनाला मर्यादाही आहेत. पावसाळ्यात ढग आड येतात. पाण्याखाली वाढणारी झाडे नीट दिसत नाहीत. काठावरच्या चौकोनात माती, गवत, पाणी यांची भेसळ होते. दाट शेवाळही जलपर्णीसारखेच भासते. म्हणून चित्र पाहिल्यावर होडीतून जाऊन खात्री करावीच लागते.

आता आपल्या तळ्याकडे येते. कामापूर्वीच्या चित्रात निम्म्याहून अधिक तळे हिरवे होते. काम संपल्यानंतरच्या चित्रात दशांशही नव्हते. आणि मी घाटावर गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशीच्या चित्रात उरलेली सगळी जलपर्णी एका पट्ट्यात, नेमकी आपल्या घाटाला लागलेली! वाऱ्याने ती इकडे लोटली होती. मी पाहिले ते खोटे नव्हते. पण मी तळे पाहिलेच नव्हते, पाहिला होता तो घाट.

मी त्या बायकांच्या वस्तीवर जाऊन माफी मागितली. त्यांच्यातली वयस्कर बाई म्हणाली, "बाई, आमाला इचारलं असतं तर सांगितलं असतं. वारं फिरलं की ती घाटालाच लागते." भगिनींनो, उपग्रहाने जे दाखवले ते तिला आधीच ठाऊक होते. विचारण्याचे मात्र मला सुचले नाही.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. यापुढे तळ्याविषयी पत्र पाठवण्याआधी चित्र पाहावे, तळ्याला फेरी घालावी आणि काम करणाऱ्यांना विचारावे. दुसरे असे की, जलपर्णी पोसते ती आपल्याच सांडपाण्यावर. मोजल्याने ती कमी होत नाही. आपल्या आळीचे गटार तळ्यात जाते, त्याची तड लावण्याचे काम मंडळाने या वर्षी अंगावर घ्यावे. पहिली सही मी करीन.